पाकिटात भलतंच काही निघालं तर: काय जपायचं, कुठे जायचं, काय मागायचं

चिवड्यात तारेच्या घासणीचा तुकडा, ब्रेडमध्ये सुतळी, रव्यात जाळं, संत्रा बर्फीच्या डब्यात स्टेपलरची पिन. असं काही हाती लागलं की आपल्याकडे सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर "शी बाप्पा" म्हणून अख्खं पाकीट कचऱ्याच्या गाडीत जातं, नाहीतर आधी फोटो कॉलनीच्या ग्रुपवर जातो आणि मग पाकीट कचऱ्याच्या गाडीत जातं. काही दिवसांनी कोणीतरी म्हणतं, "तक्रार करायला पाहिजे होती ना." तोवर हातात उरलेला असतो एक धूसर फोटो.

ओळखीच्या लोकांना अशा तक्रारी लिहून द्यायचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. त्यात पुन्हा पुन्हा दिसतं ते हे, की नुसत्या तारेच्या तुकड्यावर तक्रार उभी राहत नाही. तो तुकडा कोणत्या पाकिटातून, कोणत्या बॅचमधून, कोणत्या दुकानातून तुमच्या ताटापर्यंत आला ही साखळी दाखवता आली तरच समोरचा ऐकतो. म्हणून इथे जास्त जागा जपणुकीला दिली आहे. कलमं नंतर.

आधी तोंड, मग तक्रार

घास तोंडात असताना काही टोचलं, कुरकुरलं, तर चावू नका आणि गिळूही नका. घास एका स्वच्छ वाटीत किंवा ताटलीत काढा. बेसिनमध्ये थुंकलात तर वस्तूही गेली आणि पुरावाही.

काच, ब्लेडचा तुकडा, पिन, खिळा असं टोकदार काही पोटात गेल्याची शंका असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. जाताना जे लागलं नाही ते वर येताना लागू शकतं. "दोन केळी खा, आपोआप निघून जाईल" हा सल्ला आजीने प्रेमाने दिला तरी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो हे सरकारी रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ असेल ते. श्वास अडकला, सतत लाळ गळते आहे, गिळता येत नाही, उलटीत रक्त आहे, शौचाला काळं होतंय किंवा पोट जोरात दुखतंय, यांपैकी काहीही असलं तर १०८ ला फोन करा. लहान मुलाने बटनासारखी गोल बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी एक मिनिटही थांबू नका. एक्स-रेमध्ये धातू दिसतो, काच बहुतेक वेळा दिसते. प्लास्टिक आणि लाकूड मात्र अनेकदा दिसत नाही. त्यामुळे काय गिळलं असावं ते डॉक्टरांना नेमकं सांगा, तसाच दुसरा तुकडा असेल तर सोबत न्या.

दवाखान्यात एक काम बहुतेक जण विसरतात. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या: "अमुक पदार्थ खाताना कडक वस्तू चावली गेली, असे रुग्ण सांगतो." कागदावर नुसतं "दात तुटला" असेल तर पुढे त्याचा उपयोग फारसा होत नाही. दाताचं प्रकरण असेल तर मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय स्वस्तात तपासून देतं आणि तिथल्या कागदाला वजनही असतं.

ते खरंच बाहेरचं आहे का?

तक्रारीआधी पाच मिनिटं हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढे कंपनीचा माणूस तोच विचारणार आहे.

दातात "खडा" आला असेल तर जीभ फिरवून बघा. तो खडा कधीकधी आपल्याच दाताचं निघालेलं सिमेंट किंवा कॅपचा तुकडा असतो. तार सापडली तर ओट्यावरच्या घासणीशी ताडून बघा. काच सापडली तर घरात बांगडी किंवा बरणी फुटली होती का ते आठवा. काळं रबर असेल तर मिक्सरच्या भांड्याची रिंग तपासा. पदार्थ शिजवल्यानंतर काही सापडलं तर आपल्या स्वयंपाकघराला वगळणं भागच आहे, आणि ते आधीच करून ठेवलं की पुढच्या प्रश्नांना उत्तर देताना चाचरावं लागत नाही.

काही गोष्टी मुळात बाहेरच्या नसतातच. थंडीत मध साखरेसारखा गोठतो. तूप रवाळ होतं. दुधाच्या पावडरीत तपकिरी-काळे ठिपके दिसतात, ती वाळवताना करपलेली दुधाचीच कणी असते. आणि रेशनच्या तांदळातला तो "प्लास्टिकचा तांदूळ" तर आपल्याकडे कायमचा विषय होऊन बसला आहे. ते दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, धुताना वर तरंगतात, म्हणून लोक वेचून फेकतात. ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे असतात: तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेले, साधारण १०० किलोला १ किलो या प्रमाणात. ते फेकू नका आणि त्यावरून तक्रारही करू नका.

किड्यांचं जरा नाजूक आहे. सोंडे आणि जाळं करणाऱ्या अळ्या कारखान्यातूनच आल्या असतील असं नाही. त्या गोदामात, दुकानात किंवा तुमच्या डब्यातही लागू शकतात. उन्हाळा संपून पाऊस सुरू झाला की आपल्याकडे तेच होतं. म्हणून पाकीट अख्खं असेल तर पन्नीला बारीक भोक आहे का ते उजेडात धरून बघा आणि त्या भोकाचा फोटो घ्या. भोक असेल तर बोट दुकानदार आणि गोदामाकडे जास्त जातं, नसेल तर कारखान्याकडे. आणि पाकीट फोडून डब्यात ओतून महिना झाला असेल तर, खरं सांगायचं तर, ही तक्रार सोडून द्या.

जपणूक

दिसलं की सगळ्यात आधी हात थांबवा. वस्तू ओढून बाहेर काढू नका. ती पदार्थात जशी रुतली आहे तशीच तिचा फोटो घ्या. बर्फीच्या वडीत अर्धी बुडालेली पिन आणि टेबलावर वेगळी ठेवलेली पिन, या दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या फोटोवर कोणीही म्हणेल की पिन तुमच्याच फायलीतली आहे.

फोटोंचा क्रम असा ठेवा: आधी सगळं टेबल, मग पाकीट आणि पदार्थ एकत्र, मग वस्तू जवळून, बाजूला पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवून. त्यानंतर पाकिटाच्या सगळ्या बाजू. पाकीट कुठून फाडलं तो काठ, सीलची जागा, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत, किंमत, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक सेवेचा फोन, चौदा आकडी परवाना क्रमांक (एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा). शेवटी एक सलग व्हिडिओ, मध्ये न तोडता. त्यात तारीख-वेळ तोंडाने बोला आणि घरात हजर असलेल्या माणसालाही दोन वाक्यं बोलू द्या. हे फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून नंतर मूळ फाइल पुसून टाकू नका. मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या, तिच्यात वेळेची नोंद असते.

परवाना क्रमांक वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे १५, आणि केंद्रीय परवाना असेल तर ००. म्हणजे ११५ ने सुरू होणारा क्रमांक राज्याच्या परवान्याचा, २१५ वाला राज्यातल्या छोट्या व्यावसायिकाचा आणि १०० वाला केंद्राकडून घेतलेला. मोठ्या कंपन्यांचं एकच बिस्किट तीन-चार ठिकाणी बनतं. तेव्हा पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा आणि त्यावरून कारखान्याचा पत्ता ओळखा. ते अक्षर टिपून ठेवा. तक्रारीत मुख्य कार्यालयासोबत त्या कारखान्याचं नाव घातलं की ती योग्य टेबलावर लवकर पोचते.

आता वस्तू. धुऊ नका, पुसू नका, घासू नका. गरम करू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, "बघू जळते का" म्हणून काडी लावू नका, स्पिरिटमध्ये बुडवू नका. यामागे कारण आहे. किडा, पाल, उंदराचा अवशेष असं काही असेल तर प्रयोगशाळा त्यातल्या विकरांच्या (एन्झाइमच्या) चाचणीवरून सांगू शकते की त्याला पदार्थासोबत उष्णता लागली होती की ते नंतर पडलं. झुरळ फरसाणासोबत तळलं गेलं असेल तर दोष बनवणाऱ्याचा. नंतर पडलं असेल तर गोष्ट दुकानात किंवा घरात शिरते. तुम्ही ते पुन्हा गरम केलंत की ही वाटच बंद.

कोरडा पदार्थ असेल तर वस्तू, तिच्या भोवतीचा पदार्थ आणि पाकीट, सगळं एका स्वच्छ डब्यात किंवा जाड पन्नीत बंद करा. जोडावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख टाका आणि दोघांच्या सह्या घ्या. ओला किंवा नासणारा पदार्थ, म्हणजे दूध, पनीर, मिठाई, चटणी, तसाच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत कोणी बघायला येणार नसेल तर फ्रीझरमध्ये. डब्यावर मोठ्या अक्षरात "खाऊ नये, पुरावा" लिहा. सक्करदऱ्याच्या एका काकूंच्या घरी चिवड्यातली तार अशीच डब्यात ठेवली होती. दुपारी बहीण आली, डबा रिकामा दिसला म्हणून घासून ठेवला. तक्रार तिथेच संपली.

या जपणुकीचं मोल कळायला २०२४ च्या जून महिन्यातलं मालाडचं प्रकरण आठवा. ॲपवरून मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. कोन खाणारे स्वतः डॉक्टर होते. त्यांनी तो तुकडा बर्फात ठेवून पोलीस ठाण्यात नेला. पुढे डीएनए तपासणीत तो इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराचा असल्याचं निष्पन्न झालं. तुकडा कुजला असता किंवा कोन फेकून दिला असता तर इतक्या नेमकेपणाने सुगावा लागणं कठीण होतं.

शेवटचं, बिल. पक्कं बिल असेल तर उत्तमच. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. बिल नसेल तर यूपीआयची नोंद, बँकेचा मेसेज, ॲपवरची ऑर्डर, तेही चालतं. इतवारीतल्या ठोक किराण्याचं कच्चं चिटोरंसुद्धा ठेवा. रोखीने घेतलं आणि काहीच नाही, तर सोबत कोण होतं त्याचं नाव आणि दुकानाचा फोटो तरी असू द्या.

दुकानात

त्याच दिवशी दुकानात जा, पण मूळ वस्तू आणि पाकीट घरीच ठेवून. फोटो दाखवा. भांडायला जाऊ नका. गल्लीतल्या किराणावाल्याने बिस्किटात केस घातलेला नसतो आणि त्यालाही ते माहीत असतं. तीन कामं करून या. त्याच्याकडे त्याच बॅचची आणखी पाकिटं आहेत का ते बघा आणि ती विकू नका असं सांगा. त्याला माल कोणत्या वितरकाकडून आला ते विचारा. आणि त्याच बॅचचं एक बंद पाकीट बिल घेऊन विकत घ्या.

हे दुसरं पाकीट पुढे फार कामाचं ठरतं. प्रत्येक कंपनीचं ठरलेलं पहिलं उत्तर असतं: "पाकीट उघडलेलं होतं, आत काहीही टाकता येतं." बंद पाकिटावर ते उत्तर चालत नाही. शिवाय अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की तपासणीसाठी घेतोय हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावं लागतं. म्हणून पाकीट घेताना सरळ सांगा, "भाऊ, हे तपासायला नेतोय," आणि जमलं तर बिलाच्या मागे तसं लिहून त्याची सही घ्या. अहवालात पदार्थ नियमाबाहेर निघाला तर भरलेली फी परत मिळते.

दुकानदार पैसे परत देत असेल तर घ्या, त्याने तक्रारीचा हक्क जात नाही. मूळ पाकीट मात्र देऊ नका.

कंपनीशी बोलताना

फोन करा, पण त्याच संध्याकाळी ईमेलही टाका. फोनवर झालेलं बोलणं कोणालाच आठवत नाही. फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो ईमेलमध्ये लिहा. वस्तू काय, पाकिटाचा तपशील काय, तुम्हाला काय हवं, एवढंच. फोटो दोन-तीन पुरेत.

एक-दोन दिवसांत कंपनीचा नम्र माणूस गिफ्ट हॅम्पर घेऊन दारात येतो आणि "तपासणीसाठी" पाकीट मागतो. त्याची मागणी चुकीची नाही, कंपनीला खरंच तपासायचं असू शकतं. तरी सगळं हातात देऊ नका. पदार्थाचा थोडा भाग द्या, वस्तू तुमच्याकडेच ठेवा, आणि "अमुक तारखेला इतका नमुना मिळाला, अहवाल इतक्या दिवसांत देऊ" असं त्याच्याकडून लिहून घ्या. ओळखपत्राचा फोटो घ्या. हॅम्पर घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर त्या दिवशी घेतला नसता.

या टप्प्यावर कंपनी धातुशोधक यंत्राचं प्रमाणपत्रही पाठवते. आमच्या लाइनवर डिटेक्टर आहे, धातू येणं शक्यच नाही, असा सूर असतो. या यंत्राला लोखंड सहज कळतं, पण स्टेनलेस स्टीलचा बारीक तार-तुकडा पकडणं त्याला सगळ्यात अवघड जातं. काच, प्लास्टिक, केस तर त्याच्या कक्षेतच नाहीत. काचेसाठी एक्स-रे यंत्र लागतं. तेव्हा प्रमाणपत्र बघून तक्रार मागे घेऊ नका.

एफडीए

पुष्कळ लोक आधी महानगरपालिकेला फोन लावतात. आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. नागपूर विभागाचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. राज्याचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५. केंद्रीय प्राधिकरणाचा १८००११२१००, आणि त्यांच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' वरूनही तक्रार करता येते. तिथून ती संबंधित राज्याकडे वळवली जाते. माझा अनुभव असा की ऑनलाइन करावीच, पण एक लेखी प्रत प्रत्यक्ष आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्का असला की पाठपुरावा करता येतो.

मजकूर लांबवू नका. असा चालेल:

"प्रति, सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, नागपूर.
विषय: खाद्यपदार्थात बाह्य वस्तू आढळल्याबाबत.
महोदय, मी दि. … रोजी … येथील … या दुकानातून … हा पदार्थ (वजन …, किंमत …) विकत घेतला. बॅच क्र. …, उत्पादन दि. …, परवाना क्र. …. दि. … रोजी … वाजता घरी पाकीट उघडल्यावर त्यात सुमारे … मिमी लांबीची धातूची तार आढळली. त्या वेळी … हे हजर होते. वस्तू व उरलेला पदार्थ मूळ पाकिटासह सीलबंद ठेवला आहे. त्याच बॅचचे एक न उघडलेले पाकीटही माझ्याकडे आहे. दि. … रोजी दुकानात याच बॅचची आणखी पाकिटे दिसली. कृपया नमुने घेऊन तपासणी करावी व केलेली कारवाई मला लेखी कळवावी. सोबत: बिलाची प्रत, छायाचित्रे, वैद्यकीय कागद."

दिसलं तेवढंच लिहा. "कंपनी लोकांच्या जिवाशी खेळते" हे वाक्य मनात कितीही असलं तरी कागदावर नको. "उंदराची लेंडी" असं ठामपणे लिहू नका, "लेंडीसारखा दिसणारा काळा कण" लिहा. ते काय आहे हे प्रयोगशाळा ठरवेल.

पुढे काय होतं? अन्न सुरक्षा अधिकारी तुमचं म्हणणं ऐकतो, वस्तू बघतो आणि दुकानातून, गोदामातून किंवा कारखान्यातून त्याच मालाचे बंद नमुने घेतो. इथे लोकांचा गैरसमज होतो. तुमचं उघडलेलं पाकीट हा संशयाचा आधार आहे; खटला सहसा अधिकाऱ्याने पंचांसमोर स्वतः घेतलेल्या नमुन्यावर चालतो. तो नमुना चार भागांत सील होतो, एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणून एफडीएकडे लवकर जाणं महत्त्वाचं. आठवडाभरात दुकानातली बॅच संपते आणि मग नमुना घ्यायचा कशाचा?

शिक्षेचं गणित वस्तूवर ठरतं. खाण्याला धोका न आणणारा बाह्य पदार्थ असेल तर कलम ५४, दंड १ लाख रुपयांपर्यंत. काच किंवा ब्लेडसारखी इजा करणारी वस्तू असेल, किंवा अन्न किड्यांनी भरलेलं असेल, तर ते "असुरक्षित अन्न" ठरू शकतं आणि मग कलम ५९ खाली तुरुंगवासही आहे. अस्वच्छ जागेत बनवलं असेल तर कलम ५६, तिथेही १ लाखापर्यंत दंड. यातला एक रुपयाही तुमच्या खिशात येत नाही, तो सरकारजमा होतो. कोणाला इजा किंवा मृत्यू झाला असेल तर मात्र कलम ६५ आहे: मृत्यूसाठी किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाई.

महिनाभर काहीच कळलं नाही तर शिक्क्याच्या प्रतीचा संदर्भ देऊन माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा: नमुना घेतला का, अहवाल काय आला, कारवाई काय केली. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. गुन्ह्यापासून एका वर्षात खटला दाखल व्हावा लागतो. आयुक्तांनी कारणं नोंदवून मुदत वाढवली तर तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे एफडीएकडची फाइल विसरून चालत नाही.

पोलिसांकडे कधी? मालाडसारखं भयंकर काही असेल, मुद्दाम मिसळल्याचा संशय असेल, किंवा बरेच लोक एकदम आजारी पडले असतील तेव्हा. बिस्किटातल्या केसासाठी ठाण्यात गेलात तर तुमचाच दिवस जाईल.

ॲप, रेल्वे, हॉटेल, सुटा माल

ॲपवरून मागवलं असेल तर चॅट बंद व्हायच्या आत सगळ्या पडद्यांचे स्क्रीनशॉट घ्या. परतावा आला की तिथे तक्रार "सोडवली" अशी नोंद होते, म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळा ईमेल करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. हॉटेलचं नाव आणि बिलावरचा परवाना क्रमांक तपासा. ॲपवर एक नाव आणि किचन भलत्याच नावाचं, हे हल्ली फार दिसतं.

गाडीत किंवा नागपूर स्थानकावर घेतलेल्या जेवणासाठी रेल्वेची हेल्पलाइन १३९ किंवा रेलमदद ॲप. पीएनआर, गाडी क्रमांक, डबा आणि विक्रेत्याच्या बिल्ल्याचा फोटो हवा. गाडी पुढे निघून जाते, म्हणून तक्रार बसल्या जागेवरून करा.

हॉटेलात ताटात तार निघाली तर ताट उचलू देऊ नका. आधी फोटो, मग मॅनेजर, मग बिल. जेवण फुकट देतो म्हणाले तरी बिल मागाच, कारण बिलाशिवाय तुम्ही तिथे जेवलात हे सिद्ध करणं कठीण.

सुट्या मालाचं, म्हणजे तर्री-पोह्याचा ठेला, सुटं फरसाण, मोकळ्या फल्ल्या यांचं, अवघड आहे. बॅच नसते. तिथे भरपाईच्या मागे लागण्यापेक्षा एफडीएला त्या जागेची तपासणी करायला सांगणं व्यवहाराचं.

ग्रुपवर टाकायचं का?

टाका, पण एफडीएचा शिक्का घेतल्यानंतर, आणि जे घडलं तेवढंच. मूळ फोटो, बॅच क्रमांक, तक्रार केल्याची तारीख. अख्ख्या कंपनीला विषारी ठरवलंत तर मानहानीची नोटीस येऊ शकते. आणि "पाच लाख द्या, नाहीतर व्हायरल करतो" असा एक मेसेज गेला की तक्रारदार तुम्ही राहत नाही, खंडणीच्या गुन्ह्यातले आरोपी होता. पैसे मागायला कायद्यात जागा आहे, तिथे मागा.

भरपाई

आधी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती खटला चालवत नाही, कंपनीशी मध्यस्थी करते. परतावा, छोटी भरपाई, माफी एवढ्यासाठी बहुतेक वेळा ती पुरते. दात तुटला, दवाखान्यात राहावं लागलं, मजुरी बुडाली असं असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

आपला आयोग सिव्हिल लाइन्समधल्या नवीन प्रशासकीय भवनात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली: कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. आयोगाची मर्यादा मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरते. म्हणजे ४० रुपयांच्या पाकिटासाठी भरपाई दोन लाख मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत चालते. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन भरायची असेल तर ई-जागृती पोर्टल.

आधी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. तक्रारीत उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पक्ष करा. एकटा दुकानदार केलात तर तो कंपनीकडे बोट दाखवेल, एकटी कंपनी केलीत तर ती दुकानाच्या साठवणीकडे. सोबत प्रतिज्ञापत्र, फोटो, बिल, दवाखान्याचे कागद, एफडीएची शिक्क्याची प्रत आणि हजर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडा. नमुना प्रयोगशाळेत पाठवा असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. आयोग नमुना सील करून पाठवतो, फी तुम्हाला भरावी लागते आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सीलबंद डबा तेव्हाच लागतो. हा अर्ज न दिल्यामुळे, "तज्ज्ञाचा अहवाल नाही" एवढ्या कारणावर चांगल्या तक्रारी पडतात.

भरपाई मागताना हिशोब मांडा: पदार्थाची किंमत, उपचाराचा खर्च, पुढच्या उपचाराचा दंतवैद्याने लिहून दिलेला अंदाज, बुडालेल्या कामाचे दिवस, मनस्ताप, तक्रारीचा खर्च. मनस्तापाचा आकडा फुगवलात की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते. कायद्यात हे तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाली निघावं असं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवूनच उतरा. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरातच आहे.

बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. पहिल्या-दुसऱ्या तारखेला कंपनीचे वकील तडजोडीचं बोलतात. पटत असेल तर करा, पण कागद पूर्ण वाचून. "सर्व कार्यालयांकडील सर्व तक्रारी मागे घेत आहे" असं वाक्य त्यात असतंच असतं. ते खोडायला सांगा आणि तिथे "या आयोगातील तक्रार" एवढंच लिहून घ्या. एफडीएकडे गेलेली तक्रार त्या बॅचची आहे, ती बॅच अजून कोणाच्या तरी दुकानात असू शकते आणि तिची तपासणी तुमच्या तडजोडीवर अवलंबून नाही. रक्कम चेकने किंवा खात्यात घ्या, ती जमा झाल्यावरच सही करा, आणि फ्रीझरमधला तो डबा त्यानंतरच रिकामा करा.